अंड्यावरील कोंबड्यांसाठी औषधी पाला : उपयोग आणि मर्यादा

(ज्ञातिमंडळाच्या नौपाडा, ठाणे येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



नौपाड्यासारख्या भरवस्तीत उभे राहून कोंबड्यांच्या खाद्याविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. गोखले रस्त्याच्या दुतर्फा आज चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत आणि तेथे खुराडे ठेवावयास कोणाला जागा नाही. परंतु आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांच्या वाड्या मुरबाड, शहापूर, वाडा, पालघर या बाजूस अद्याप राहत्या आहेत. तेथे कोणाची आत्या, कोणाची थोरली जाऊ, कोणाचे निवृत्त झालेले काका वीस-पंचवीस कोंबड्या बाळगून आहेत, आणि त्यांची अंडी शनिवार-रविवारी याच नौपाड्यात आपल्याच घरांतून विकली जातात. त्या अंड्यांच्या पैशावर एखाद्या घराचा किराणा भागतो, एखाद्या मुलीची शिकवणी भागते. म्हणून विषय लहान असला तरी आपल्या घरचा आहे.

अलीकडे या मंडळींच्या भ्रमणध्वनीवर एक नवाच उपदेश फिरू लागला आहे. शेवग्याचा पाला घाला, अंडी वाढतील; तुळस घाला, रोग येणार नाही; कडुनिंब घाला, लस टोचावयास नको. यांपैकी काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या आहेत आणि एखादी तर सरळ घातक आहे. तेव्हा पाल्याकडून काय मिळते, काय मिळत नाही आणि तो किती व कसा द्यावा, एवढेच आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

आरंभी एक जुनी हकीकत सांगतो, कारण आहारशास्त्रातील एक मोठा शोध कोंबड्यांमुळेच लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावरील बटाव्हिया येथे ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचे संशोधन करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी पाय लुळे पडून कोसळू लागल्या. चौकशी करता कळले की त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलासुरला सडीक तांदळाचा भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात कोंबड्यांना देण्यास त्याने नकार दिला, तेव्हा त्यांच्यापुढे न सडलेला तांदूळ आला आणि आजारी कोंबड्या बऱ्या झाल्या. जे कोंड्याबरोबर फेकले जात होते त्यातच त्यांचे आरोग्य होते! आइकमान यांना प्रथम वाटले की भातात काही विष आहे व कोंडा त्यावर उतारा आहे. भातात विष नसून कशाची तरी उणीव आहे, हा उलगडा त्यांचे सहकारी ग्रिन्स यांनी १९०१ साली केला. या कार्याबद्दल आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्या द्रव्याला आपण ब-१ जीवनसत्त्व म्हणतो.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, पूरक खाद्याचे सारे मर्म तिच्यात आले आहे. पूरक खाद्य उणीव भरून काढते. जेथे उणीव आहे तेथे चिमूटभर द्रव्यही चमत्कार वाटावा असा गुण दाखविते. जेथे उणीव नाही तेथे मूठभर घातले तरी ते व्यर्थ जाते.

आता आपल्या कोंबड्यांकडे वळू. वाडीवरची कोंबडी काय खाते? तांदळाची कणी, कोंडा, नाचणीचे दाणे, घरातील खरकटे, कधी सुक्या मासळीची कुटी, आणि मोकळी सोडली असेल तर किडे-मुंग्या व गवत. याउलट कारखान्यात तयार झालेल्या खाद्यात मका, सोयाबीनची पेंड, चुनखडी, क्षार आणि जीवनसत्त्वे मोजून मिसळलेली असतात. यावरून एक गोष्ट सहज ध्यानी येईल. कणी-कोंड्यावर बंदिस्त ठेवलेल्या कोंबडीला हिरव्या पाल्याची गरज फार आहे; तयार खाद्य पोटभर खाणाऱ्या कोंबडीला ती थोडी आहे. शेजारणीच्या कोंबड्यांना शेवग्याने गुण आला आणि आपल्या कोंबड्यांना आला नाही, याचे कारण पुष्कळदा इतकेच असते.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. त्या खाद्यात शेकडा १६ ते १८ भाग प्रथिने आणि शेकडा साडेतीन ते चार भाग कॅल्शियम असावे लागते. म्हणजे दिवसाला सुमारे १८ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम कॅल्शियम. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते. पोटात गेलेले सारेच अंगी लागत नाही, म्हणून दुप्पट द्यावे लागते.

शेवग्याची वाळलेली पाने ही पाल्यांत श्रेष्ठ, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांत शेकडा २५ च्या आसपास प्रथिने आणि शेकडा २ च्या आसपास कॅल्शियम असते. ‘दुधापेक्षा कितीतरी पट कॅल्शियम’ असे जे म्हटले जाते ते वाळलेल्या पानांविषयी खोटे नाही. परंतु कोंबडीला दिवसाला ३ ग्रॅम चूर्ण मिळाले, तर त्यातून प्रथिने मिळाली पाऊण ग्रॅम आणि कॅल्शियम मिळाले ०.०६ ग्रॅम! चार ग्रॅमची गरज आणि सहा शतांश ग्रॅमची भरती! तेव्हा शेवग्याने कवच घट्ट होईल ही आशा सोडून द्यावी. कवचासाठी खाडीकाठच्या शिंपल्यांचा भरड चुरा किंवा चुनखडीचे खडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. कवच मुख्यतः रात्री घडते आणि भरड चुरा पोटात सावकाश विरघळून त्या वेळी उपयोगी पडतो.

मग पाल्याचा उपयोग काय? ज्या द्रव्यांची गरज ग्रॅममध्ये नसून मिलिग्रॅममध्ये असते, तेथे पाला आपला पराक्रम दाखवितो. हिरव्या पानांत कॅरोटिन असते, त्यापासून कोंबडीच्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. शिवाय ल्युटीनसारखी पिवळी रंगद्रव्ये असतात. ही रंगद्रव्ये कोंबडीला स्वतःच्या शरीरात घडविता येत नाहीत. ती खाद्यातूनच बलकात उतरतात. पिवळा मका, हिरवा पाला, लसूणघास आणि झेंडूच्या पाकळ्या हे त्यांचे उगम. कणी-कोंड्यावर पोसलेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक फिकट असतो, तो पाला सुरू केल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात गडद होऊ लागतो, कारण एका बलकाची मुख्य वाढ होण्यास इतकेच दिवस लागतात. पाला बंद केला की तितक्याच दिवसांत रंग पुन्हा उतरतो. पाल्याचा सर्वांत खात्रीचा, कोणालाही घरी पडताळून पाहता येण्यासारखा गुण हाच होय. ल्युटीन हे मनुष्याच्या डोळ्यांतील दृष्टिपटलावरही साठणारे द्रव्य असल्यामुळे खाणाऱ्यालाही त्याचा लाभ आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गडद बलक म्हणजे अधिक प्रथिने असे नव्हे, आणि तपकिरी कवच म्हणजे गावठी अंडे असेही नव्हे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. ऱ्होड आयलंड रेडचे कवच तपकिरी, लेगहॉर्नचे पांढरे; आतील अन्न सारखेच. चहाच्या पाण्यात पांढरी अंडी बुडवून ती गावठी म्हणून विकणारे विक्रेते शहरात आढळतात. आपल्या कुटुंबांनी या वाटेला जाऊ नये, हे मी सांगण्याची गरज नाही.

आता प्रमाणाविषयी. औषध म्हटले की आपल्याकडे ‘थोड्याने गुण येतो तर अधिकाने अधिक येईल’ असे मानण्याची प्रवृत्ती आहे. पाल्यात तंतू फार आणि ऊर्जा कमी असते. कोंबडीचा कोठा लहान असतो. तो पाल्याने भरला तर धान्याला जागा राहत नाही आणि अंडी घटतात. मेक्सिकोतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऱ्होड आयलंड रेड कोंबड्यांना खाद्यात शेकडा ५, १० आणि १५ भाग शेवग्याचे चूर्ण देऊन पाहिले. बलकाचा रंग खुलला. परंतु प्रमाण १० व १५ वर गेले तसे अंड्यांचे प्रमाण उतरत गेले. म्हणून माझा सल्ला असा की, घरच्या कोंबड्यांना शेकडा २ ते ३ भाग वाळलेला पाला पुरे, आणि ५ च्या वर कधीही जाऊ नये. वीस कोंबड्यांना दिवसाला २ किलो २०० ग्रॅम खाद्य धरले, तर त्यात साठ-पासष्ट ग्रॅम चूर्ण. ताजी पाने द्यावयाची तर त्यांत तीन-चतुर्थांश पाणी असते, म्हणून सुमारे पाव किलो. ताज्या डहाळ्यांची जुडी खुराड्यात कोंबडीच्या मानेइतक्या उंचीवर टांगावी. पाला तुडविला जात नाही, आणि टोचण्यास काम मिळाले की कोंबड्या एकमेकींची पिसेही कमी उपटतात. वाडीवर शेवगा नसेल त्यांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण रुचिरा’ ही जात लावावी. शेंगा आपणांस आणि पाला कोंबड्यांस.

सर्वच पाला शेवग्यासारखा निरुपद्रवी नसतो. सुबाभळीचा पाला प्रथिनांनी व रंगद्रव्यांनी समृद्ध आहे आणि शेळ्या तो आवडीने खातात. परंतु त्यातील मिमोसीन हे द्रव्य कोंबड्यांना बाधक आहे. त्याने वाढ खुंटते आणि अंडी घटतात. पालक आणि माठ यांत ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून या भाज्यांची देठे अधूनमधून घालावीत, रोजच्या रोज नव्हे. कडुनिंबाचा पाला खुराड्यात पसरण्याची आपली जुनी चाल आहे, ती चालू ठेवण्यास हरकत नाही. परंतु खाद्यात तो अधिक मिसळला की कडवटपणामुळे कोंबडी खाद्यच टाकते. अडुळशाच्या पानांतील व्हासिसीन हे द्रव्य सस्तन प्राण्यांच्या गर्भाशयाचे आकुंचन करते. अंड्यावरील कोंबडीवर त्याचा प्रयोग करू नये. कण्हेर तर विषारीच. तुळस मूठभर पाने घालावी, तिने अपाय होत नाही. मात्र ती लसीची जागा घेते असे समजू नये. आणि पाल्याचा विषय नसला तरी सरकीच्या पेंडीविषयी सांगून ठेवतो. सरकी खाणाऱ्या कोंबडीचे अंडे साठवले असता बलक हिरवट आणि पांढरा भाग गुलाबी होण्याचा संभव असतो. गिऱ्हाईक अंडे फोडते आणि पुन्हा येत नाही.

पाला वाळविण्याचे काम सोपे दिसते, पण सर्वाधिक धोका तेथेच आहे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत दगावले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेली बुरशी हे कारण निघाले. त्या बुरशीच्या विषालाच आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृताचा नाश करते आणि उष्णतेने सहजासहजी नाहीसे होत नाही. आपल्या ठाणे-पालघर भागात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की घरातील चामड्याच्या वहाणेलाही बुरशी धरते. तेथे अर्धवट वाळलेल्या पाल्याची काय कथा! म्हणून चूर्ण दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करावे. पाने धुऊन, निथळून, सावलीत पातळ पसरावीत. उन्हाने कॅरोटिन नष्ट होते. बोटांत चुरगळताच पान कुरकुरीत मोडले पाहिजे. लवचीक राहिले तर ते वाळलेले नाही. चूर्ण घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, त्यावर तारीख लिहावी आणि दोन महिन्यांत संपवावे. कुबट वास आला तर हळहळ न करता फेकून द्यावे. पावसाळ्यात ताजा पालाच द्यावा. महामार्गाच्या कडेचा, धुराने माखलेला, किंवा कीटकनाशक फवारलेल्या बागेतील पाला मुळीच आणू नये. कोंबडीच्या पोटात गेलेले पुष्कळ काही अंड्यात उतरते.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, हा रोग विषाणूमुळे होतो. १९२६ साली तो इंग्लंडात न्यूकॅसल येथे नोंदला गेला म्हणून जग त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणते. आपण त्याला कुमाऊँतील राणीखेत गावाचे नाव दिले. लस नसलेल्या कळपात तो शिरला तर दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. त्यावर तुळस, कडुनिंब, लसूण, हळद यांपैकी कशाचाही उपाय नाही. एकदा रोग जडल्यावर वैद्यकाजवळही उपाय नाही. उपाय एकच, आधी लस देणे. पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ या प्रकारची लस आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी ही टोचावयाची लस. ही दुसरी लस आपल्याच देशात मुक्तेश्वर येथील संशोधन केंद्रात तयार झाली. मधल्या मात्रांचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. एका कुपीत पुष्कळ पक्ष्यांची लस असते, आणि वीस कोंबड्यांसाठी कुपी फोडणे महाग वाटते, म्हणून लोक टाळतात. शेजारच्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा. खर्च वाटला जातो आणि एकही पक्षी वगळला जात नाही.

बर्ड फ्लूची गोष्ट तर याहून गंभीर आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे तो भारतात प्रथम आढळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे. दोन्ही वेळा परिसरातील निरोगी दिसणारे पक्षीही नष्ट करावे लागले. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर पाल्याचे काढे करीत बसू नये, मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत, उरलेले घाईने विकू नयेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. तो आपल्या कळपाचाच नव्हे, आपल्या मुलांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

मग पाल्याकडे जगाचे इतके लक्ष का, असे कोणी विचारील. त्याचे कारण प्रतिजैविके. पक्षी झपाट्याने वाढावेत म्हणून त्यांच्या खाद्यात निरोगीपणीही प्रतिजैविके मिसळण्याची चाल जगभर पडली. त्यामुळे औषधांना दाद न देणारे जंतू बळावू लागले आणि माणसांवरील औषधे निकामी होण्याची वेळ आली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास मनाई केली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या, माणसांसाठी अखेरचा आधार असलेल्या औषधाचा पशुखाद्यासाठी व पशूंवरील वापर बंद केला. तेव्हापासून वनस्पतींकडे संशोधकांची दृष्टी अधिक वळली आहे. ही दिशा स्तुत्य आहे. परंतु स्वच्छ पाणी, कोरडा तूस, मोकळी हवा आणि दाटी नसणे यांनी जे साधते त्याच्या मानाने पाल्याचा वाटा लहान आहे. चार चौरस फुटांत दहा कोंबड्या कोंबून त्यांना तुळस घालणे म्हणजे छप्पर गळत असता भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

शेवटी एक विनंती. माझ्या शब्दावरही विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या कोंबड्यांचे दोन गट करा. दोन्हींचे खाद्य, पाणी, उजेड सारखे ठेवा. एका गटाला शेकडा ३ भाग चूर्ण, दुसऱ्याला नाही. पाला सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे आणि नंतर आठ आठवडे रोजची अंडी मोजा, आठवड्याचे खाद्य तोला. वीस कोंबड्यांनी दिवसाला १४ अंडी दिली तर प्रमाण शेकडा ७०. आठवड्यातून एकदा दोन्ही गटांची तीन-तीन अंडी पांढऱ्या बशीत फोडून बलक शेजारी शेजारी पाहा. एवढी नोंद शाळेत जाणारा मुलगाही ठेवू शकेल, आणि त्यातून त्याला जे शिक्षण मिळेल ते पुस्तकात मिळणार नाही. वर्षभरात पाच-सहा घरांनी अशी वही ठेवली, तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ते आकडे छापावेत, अशी मी कार्यकारिणीला विनंती करतो. अंडी वाढली नाहीत असे निघाले, तरी तेही छापावे.

आणि अंडी विकताना आपल्या भगिनींनी एवढेच सांगावे : कोंबड्यांना काय घालतो, लस केव्हा दिली, अंडे कोणत्या दिवशीचे आहे. ‘औषधी अंडे’, ‘रोगनाशक अंडे’ अशी नावे देऊ नयेत. गिऱ्हाईक आपल्या दारी येते ते मुख्यतः आपल्या शब्दावर विश्वास ठेवून. पाल्याने बलकाला रंग येतो. त्या विश्वासाची उणीव मात्र कोणताही पाला भरून काढू शकत नाही.